कमी वजनाच्या बाळाची गृहभेट: आधी काटा, मग सल्ला

काही वर्षं उपकेंद्रात काढून आता महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या एका सिस्टरांचा प्रश्न आहे. इथे कमी वजनाच्या (जन्मतः अडीच किलोच्या आतल्या) बाळांच्या गृहभेटी कागदावर पूर्ण असतात, आशा सेविका जाऊन येते, तरी महिनाभरात एखादं बाळ वाढलेलंच नसतं किंवा थेट हॉस्पिटलात सापडतं. गावाकडची पद्धत शहरात चालत नाही का, आणि भेटीत नेमकं काय, कोणत्या क्रमाने करायचं?

सिस्टर, पद्धत तीच चालते. बिघाड दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे शहरात आपण पत्त्याला भेट देतो, बाळाला नाही. दुसरा बिघाड गावातही तितकाच आहे: आशा घरात शिरते, ‘कसं आहे बाळ?’ विचारते, आजी कौतुकाने म्हणते, ‘फार शांत आहे हो, रडतसुद्धा नाही,’ आणि फॉर्मवर बरोबरची खूण होते. कमी वजनाच्या बाळाबद्दल घरात ऐकू येणारं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच आहे. जे बाळ उपाशी आहे, गार पडलंय किंवा ज्याला जंतुसंसर्ग सुरू झालाय ते रडत नाही, झोपून राहतं. म्हणून घरच्यांच्या सांगण्याआधी वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ बोललं पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत हेच केलं. गावातल्याच बायकांना श्वास मोजायला, वजन घ्यायला, ऊब द्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं. तिथला नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून साधारण २५ वर आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते १९९९ साली छापून आलं आणि २०११ पासून आशांमार्फत घरोघरची नवजात बालसेवा देशभर सुरू झाली. त्यात उपकरणं थोडीच होती, पण ती पिशवीतून बाहेर निघत होती.

आधी बाळ सापडायचं कसं ते. गावात हजार लोकवस्तीला एक आशा असते आणि कोणाच्या घरी पाळणा हलला ते तिला सांगावं लागत नाही. शहरात एका आशाकडे हजार ते अडीच हजार लोक, त्यात निम्मे भाडेकरू आणि आधार कार्डावरचा पत्ता तिसऱ्याच जिल्ह्यातला. गरोदरपणी नाव तुमच्या रजिस्टरला, बाळंतपण माहेरी, बाळ सव्वा महिन्यानंतर परत. उलट दुसऱ्या जिल्ह्यातली लेक तुमच्या वस्तीत आईकडे येऊन बाळंत होते, आणि ती ‘आपली’ नाही म्हणून तिच्या दारात कोणी जात नाही. जास्तीत जास्त भेटी या फटीत गळतात. यावर उपाय एकच: एका रजिस्टरऐवजी तीन याद्या. पहिली, आपल्याकडे नोंद असलेल्या आणि पुढच्या सहा आठवड्यांत तारीख असलेल्या बायका. दुसरी, आपल्या पण बाळंतपणाला बाहेर गेलेल्या. त्यांच्यासमोर माहेरच्या गावाचं नाव आणि तिथल्या आशा किंवा एएनएमचा (उपकेंद्रातल्या परिचारिकेचा) नंबर. तिसरी, बाहेरून आपल्याकडे आलेल्या. तिसरी यादी गरोदरपणाच्या रजिस्टरमधून कधीच निघत नाही. ती निघते प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज यादीतून, जवळच्या खाजगी नर्सिंग होममधून, अंगणवाडी सेविकेकडून आणि मालिशवाल्या बाईकडून. मालिशवाल्या बाईला कमी लेखू नका. वस्तीत नवं बाळ आलं की पहिली खबर तिला असते, आणि पुढे नाकात तेल घालायचं की नाही हेही तीच ठरवते.

पत्ता लिहिताना चाळीचं नाव पुरत नाही. गल्लीच्या तोंडावरचं दुकान, मजला, दरवाज्याचा रंग, घरमालकाचं नाव आणि दोन मोबाइल नंबर घ्या. नवऱ्याचा एकच नंबर असेल तर तो दिवसभर कामावर असतो. दुसरा शेजारणीचा किंवा सासूचा हवा. वेळही पाहा. नळाला पाणी येण्याच्या वेळी वस्तीत कोणी तुमच्याकडे बघणार नाही. धुणीभांडी करणाऱ्या सासवा दुपारी दोनच्या आसपास परततात, आणि घरातले निर्णय सासूचे असतील तर दोन ते चार ही भेटीची खरी वेळ. गावात हेच गणित शेतीवर चालतं: पेरणी-काढणीच्या दिवसांत सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीला.

वेळापत्रक तुम्हाला पाठ असेल. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवशीही. सिझेरियन झालेली बाई तिसऱ्या दिवशी घरी नसते, त्यामुळे तिच्या फॉर्मवरचा तो रकाना रिकामाच असायला हवा. अडीच किलोच्या आतल्या बाळाला हे वेळापत्रक पुरत नाही. पहिल्या पंधरवड्यात पाचव्या आणि दहाव्या दिवशी आणखी दोन भेटी धरा, आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी तुम्ही स्वतः आशासोबत जा. १८०० ग्रॅमखालचं बाळ घरी सांभाळायचं नसतं, त्याची जागा एसएनसीयू, म्हणजे रुग्णालयातला आजारी नवजात बाळांचा खास कक्ष. तिथून सुटी होऊन आलेलं बाळ मात्र तुमचंच, आणि सुटीनंतरचा पहिला आठवडा सगळ्यात नाजूक असतो. तिथे नर्स दर दोन तासांनी दूध पाजत होती, घरी तसं घड्याळ लावून उठणारं कोणी नसतं.

आता घरात शिरल्यावर. हात साबणाने धुवा, मनगटापर्यंत. बांगड्या-अंगठ्या वर सरकवून नव्हे, काढून. बाळ झोपलेलं असेल तर उठवू नका, तेच हवंय. पहिलं काम श्वास मोजणं, कारण बाळ एकदा रडलं की तो आकडा वाया गेला. छाती-पोटावरचं कापड हळूच वर करा, पोटाच्या हालचालीकडे नजर लावा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट करू नका. नवजात बाळ पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर श्वास घेतं. अर्धं मिनिट नेमकं त्या थांबण्यात सापडलं तर आकडा फसवा येतो. साठ किंवा जास्त आले तर थोडं थांबून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा साठ किंवा वर असतील तर तो जलद श्वास. बरगड्यांखाली थोडंसं आत ओढलं जाणं या वयात चालतं. लांबूनही दिसावं इतकं खोल आत जात असेल तर ते नाही.

मग तापमान. काख कोरड्या कापडाने पुसा, कारण तेल आणि घामाने आकडा खाली येतो. थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध, दंड अंगाला चिकटवून, बीप वाजेपर्यंत. अंघोळ किंवा शेक नुकताच झाला असेल तर अर्धा तास थांबा. तोवर बाकीचं उरका. ३६.५ ते ३७.४ अंश सेल्सिअस ठीक. ३५.५ ते ३६.४ म्हणजे बाळ गार पडतंय, तिथल्या तिथे ऊब द्यायची आणि एका तासाने पुन्हा पाहायचं. ३५.५ च्या खाली किंवा ३७.५ आणि वर म्हणजे धोक्याचं लक्षण, पाठवायचं. ताप आलेली नवजात बाळं दवाखान्यात लगेच पोचतात; गार पडलेली पोचत नाहीत, कारण गार बाळ त्रास देत नाही. थर्मामीटर नसेल त्या वेळेसाठी घरच्यांना हाताची परीक्षा शिकवा: हाताच्या पाठीने आधी पोट, मग तळपाय. दोन्ही कोमट तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार, तर छातीशी घ्या आणि निघा.

वजन शेवटी, कारण त्यासाठी कपडे काढावे लागतात. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. काटा रिकाम्या झोळीसकट डोळ्यांच्या रेषेत धरून शून्यावर आणा. बाळ गादीपासून वीतभरच वर, खाली दुसऱ्याचे हात. टोपी, मोजे, दुपटं आणि ओला लंगोट मिळून शंभर-दीडशे ग्रॅम सहज भरतात. म्हणजे बाळाची आठवडाभराची वाढ कपड्यांतच लपली. थंडीत उघडं करायला घरच्यांचा जीव होत नसेल तर कपड्यांसकट वजन घ्या, बाळ आईच्या छातीशी द्या, मग तेच कपडे झोळीत टाकून वजा करा. महिन्यातून एकदा किराणा दुकानातलं एक किलोचं लोखंडी माप लावून काटा तपासा. स्प्रिंग सैल पडते. काट्यावरची एक बारीक रेघ किती ग्रॅमची आहे तेही पाहून ठेवा. ती पन्नासची असेल तर दिवसाची वीस-पंचवीस ग्रॅमची वाढ तिथे दिसणारच नाही, तेव्हा रोज वजन करून आईला घाबरवू नका. आठवड्याचा फरक धरा. जन्माचं वजन हॉस्पिटलच्या डिजिटल काट्यावरचं आणि घरचं स्प्रिंगवरचं, हा फरकही असतोच. म्हणून तिसऱ्या दिवशी आपल्या काट्यावर आलेलं वजन हा आपला पाया.

उदाहरणासाठी २१०० ग्रॅमचं बाळ घेऊ. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरणार. दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण २१० ग्रॅम. तिसऱ्या-पाचव्या दिवशी १९०० पेक्षा कमी दिसलं तर दूध पोटात जात नाहीये असं समजून समोर पाजायला लावा. चौदाव्या दिवसापर्यंत ते पुन्हा २१०० वर यायला हवं. त्यापुढे दिवसाला २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे. एकविसाव्या दिवशी ते २२५० च्या आसपास हवं. २१५० असेल तर बाळ ‘बरं दिसतंय’ म्हणून सोडू नका. वाढ नसणं हे कित्येकदा संसर्गाचंही पहिलं लक्षण असतं. पहिल्या महिन्यात जन्मवजनावर तीनशे ग्रॅमसुद्धा न वाढलेलं बाळ बालरोगतज्ज्ञांनी पाहिलंच पाहिजे.

उबेबद्दल आपल्याकडे घरच्यांना काही नवं सांगतोय असा आव आणू नये. बाळंतिणीची खोली बंद ठेवणं, टोपरं बांधणं, धुरी-शेगडी, हे सगळं ऊब जपण्यासाठीच आलं. हेतू बरोबर आहे, साधन चुकतं. बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून दार-खिडकी लावली की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, धुराने छाती भरते आणि भाजण्याचा धोका वेगळाच. शेगडीच्या जागी आईची कातडी. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. वरून सुती साडी किंवा उपरणं छातीभोवती असं बांधायचं की बाळाच्या कानाखाली त्याची वरची कड येईल. गाठ बाळाच्या पाठीवर नको. दिवसातून किमान आठ तास, जमेल तितकं जास्त. एका वेळी तासाच्या आत काढू नये, कारण पुन्हा पुन्हा काढ-घाल केली तर बाळ उलट गार होतं. दहा बाय दहाच्या खोलीत सासरे बसलेले असताना सुनेला हे कसं जमणार, ही शहरातली खरी अडचण. तिथे आजीला बसवा. आजीची छाती तितकीच उबदार असते, तिला लाजही कमी, आणि एकदा तिने स्वतः बाळ छातीशी धरून पाय कोमट होताना पाहिले की पुढचं तुम्हाला सांगावं लागत नाही. रात्री बाप.

अंघोळीचं थोडक्यात. नाळ पडेपर्यंत आणि बाळ दोन-सव्वादोन किलो होईपर्यंत न्हाऊ घालू नका. कोमट ओल्या कापडाने पुसा. मालिशवाल्या बाईशी भांडू नका. तेल हलक्या हाताने लावू द्या, पण नाका-कानात तेल, डोकं चेपणं आणि बाळाच्या छातीतून ‘दूध’ पिळून काढणं ही तीन कामं तिच्याकडून बंद करून घ्या. नाळेवर हळद, राख, पावडर काही नको, कोरडी, उघडी.

दूध. सल्ला देण्याआधी पाजताना चार-पाच मिनिटं शांत बघा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, वरच्या बाजूला काळा भाग जास्त दिसतो: ही पकड बरोबर. नुसतं बोंड तोंडात असेल तर बाळ दमतं, झोपी जातं आणि आई समजते पोट भरलं. कमी वजनाचं बाळ मागून पीत नाही, त्याला उठवून पाजावं लागतं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. ओढण्याची ताकद नसेल तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने. वाटी स्टीलची, पाण्यात दहा मिनिटं उकळलेली. किती द्यायचं हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि आपण ‘पोटभर’ म्हणून सुटका करून घेतो. हिशेब सोपा आहे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी किलोमागे दिवसाला साधारण १५० ते १६० मिली. दोन किलोच्या बाळाला ३०० ते ३२०, बारा वेळांत वाटलं की एका वेळी २५ ते २७ मिली. चमचा मोजताना घरातल्या चमच्यावर भरवसा ठेवू नका, कोणता तीन मिलीचा असतो तर कोणता आठचा. औषधाच्या बाटलीचं खुणा असलेलं झाकण घ्या, घरातल्या चमच्याने त्यात पाणी ओतून बघा आणि आईला तिच्या चमच्याचा आकडा सांगा. पहिल्या दिवशी मात्र गरज निम्म्याहून कमी असते, किलोमागे साठ मिली, आणि त्या दिवशीचं दूध म्हणजे चीक; तो पिळून फेकायचा नाही.

बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, अजून अनेक घरांत आहे. ते वाईट नाही. उकळलेलं असेल आणि बाळाचं डोकं उचललेलं असेल तर चालतं. चूक होते ती मान मागे टाकून भसकन ओतण्यात, दूध श्वासनलिकेत जातं. बाटली मात्र नकोच. मध, गुळपाणी, गुटी, ग्राइप वॉटर, शहरात केमिस्टकडचा पावडरचा डबा, या प्रत्येकाचं काम एकच: बाळाच्या छोट्या पोटातली आईच्या दुधाची जागा खाणं. गुटीला विरोध केला की आजी दुखावते, म्हणून सहा महिने फक्त थांबायला सांगा आणि त्या सहाणेवर उगाळण्याचा वेळ बाळ छातीशी धरायला वळवा.

दूध पुरतंय का याची घरची खूण म्हणजे लघवी. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा. शहरात ही खूण बिनकामाची होते, कारण बाळ डायपरमध्ये असतं आणि ‘दिवसाला तीन डायपर’ याचा काही अर्थ लागत नाही. भेटीच्या आदल्या दिवशी फोन करून चोवीस तास सुती लंगोटच वापरायला सांगा आणि ओले लंगोट दोरीवर मोजा.

कावीळ दिव्याखाली बघू नका. चाळीतल्या खोलीत पिवळा बल्ब असेल तर सगळीच बाळं पिवळी आणि पांढरी ट्यूब असेल तर एकही नाही. गॅलरीत किंवा दारात आणा, कपाळाची कातडी बोटाने दाबून सोडा, मग पोट, मग तळहात-तळपाय. पहिल्या चोवीस तासांत कुठेही पिवळेपणा, कधीही तळहात-तळपाय पिवळे, किंवा चौदा दिवसांनंतरही कावीळ, तर त्याच दिवशी पाठवा. ऊन दाखवून ही कावीळ उतरत नाही; कमी वजनाचं उघडं बाळ मात्र गार पडतं.

आता ‘शांत’ बाळाकडे पुन्हा. उठवलं, तळपायावर टिचकी मारली तरी हालचाल नाही किंवा अगदी थोडी; हातपाय ढिले; रडणं क्षीण किंवा बंद; आधी पीत होतं ते आता पीत नाही; झटके; वर सांगितलेला श्वास आणि तापमान; बेंबीभोवतीची कातडी लाल आणि पू; अंगावर दहा किंवा जास्त पुरळ्या पू भरलेल्या; फुगलेलं पोट आणि सतत उलटी. यातलं एक पुरे, दुसऱ्याची वाट पाहायची नाही. आजीला एवढंच सांगा: कालपर्यंत जागं होऊन पिणारं बाळ आज शांत झालं, तर ते गुणी झालेलं नाही.

पाठवताना गावातली अडचण अंतराची आणि शहरातली निर्णयाची. गावात १०२ किंवा १०८ ला फोन केल्यापासून गाडी येईपर्यंतचा वेळ वाया घालवू नका. बाळ छातीशी, पिता येत असेल तर दूध, आणि कुठे न्यायचं ते आधी फोनवर नक्की. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय अशा तीन उड्यांत बाळ गार होऊन पोचतं. एसएनसीयूच लागणार असेल तर थेट तिथे. संसर्गाची लक्षणं असतील तर केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणे एएनएमला निघण्याआधी जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देता येतो. कुटुंब कोणत्याही कारणाने नेऊच शकत नसेल तर सात दिवसांचा उपचारही. डोस तक्त्यावरून, आजच्या वजनावर. जन्माच्या वजनावर नाही. शहरात एसएनसीयू पाच किलोमीटरवर असतं, पण कोपऱ्यावरचे डॉक्टर त्याहून जवळ. तिथे ड्रॉप मिळतात, एक दिवस जातो, मग दुसरे डॉक्टर. वस्तीतल्या अशा चार-पाच दवाखान्यांत तुम्ही स्वतः जा आणि एकच विनंती करा: दोन महिन्यांच्या आतलं बाळ आलं की औषध न देता आम्हाला फोन. बहुतेकांना या वयाच्या बाळाची जबाबदारी नकोच असते. खर्चाच्या भीतीने घरचे थांबत असतील तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा उपचार, औषधं, तपासण्या आणि जाण्या-येण्याची गाडी वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे, हे तोंडी नको, कार्डावर लिहून द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं सगळं वेगळं. दिवाळीच्या सुमारास गाव रिकामं होतं आणि बाळ फडावरच्या कोपीत वाढतं. निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती, मुकादमाचा नंबर तुमच्याकडे, आणि कारखान्याच्या हद्दीतल्या आशाला फोन. बाळ पंधरा दिवसांच्या आतलं आणि दोन किलोच्या खालचं असेल तर आईने मागे राहावं यासाठी सासूशी बोलून बघा. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात तो अर्धा पडतो, त्यामुळे दर वेळी जमेलच असं नाही.

आईलाही विसरू नका: रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव, स्तनात गाठ, पोटरी दुखणं, आणि बाळाकडे न बघणं, कारण नसताना रडणं. कमी वजनाच्या बाळाच्या आईला घरात ऐकून घ्यावं लागतं, ‘काही खाल्लंच नाही हिने’ म्हणून. तिच्यासमोर सासूला विचारा की हिने आज काय खाल्लं.

फॉर्म तपासताना आकड्यांचा चेहरा बघा. दहा बाळांचा श्वास ४२ किंवा ४४, तापमान सगळ्यांचं ९८.४ फॅरेनहाइट आणि वजनाच्या शेवटी नेहमी दोन शून्यं, तर तो फॉर्म घरी बसून भरलाय. आशावर डाफरण्याआधी तिचा काटा मागा. बऱ्याचदा तो सहा महिने मोडलेला असतो आणि तिने दोनदा सांगूनही बदलून मिळालेला नसतो. सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर मिळणारे २५० रुपये हे एवढ्या कामाचं मोल नव्हे. शिवाय पैसे ‘पूर्ण’ला मिळतात, त्यामुळे रिकामा रकाना भरून टाकायची सवय आपणच लावली आहे. चुकलेली भेट ‘चुकली’ असं लिहिणाऱ्या आशाला बैठकीत शाबासकी द्या. पुढच्या महिन्यात फॉर्म खरे यायला लागतात.

बेचाळिसाव्या दिवसानंतर आशाची पुढची ठरलेली गृहभेट तिसऱ्या महिन्यात, आणि मधल्या दीड-दोन महिन्यांत कमी वजनाचं बाळ कोणाच्याच यादीत नसतं. सहा आठवडे म्हणजे तोच बेचाळिसावा दिवस, पाच आजारांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस तेव्हाच येतो. पुढचे दहा आणि चौदा आठवड्यांना. लसीकरणाच्या टेबलाशेजारी काटा ठेवा आणि या बाळांचं वजन दर वेळी त्याच काट्यावर घ्या. एसएनसीयूतून लिहून दिलेले लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे ड्रॉप चालू आहेत का ते बाटली मागून बघा. बाटली महिन्यापूर्वीच संपलेली असते. आणि तब्येत ठीक असलेलं बाळ ‘फार बारीक आहे, थोडं वाढल्यावर या’ म्हणून लस न देता परत पाठवलं जात असेल तर ते आधी थांबवा. लशीची तारीख वयावर ठरते, वजनावर नाही, आणि परत पाठवलेली आई सहसा पुन्हा येत नाही.